बारीक आवाज

पातेल्यावरचं झाकण आपोआप किणकिणायला लागलं. खाली गॅस पेटलेला नव्हता.

बाळ आत्ताच कुठं झोपलं होतं. तासभर मांडीवर हलवून, पाठीवर थोपटून, येत होती तेवढी सगळी गाणी संपल्यावर झोपलं होतं. घरात इतकी शांतता होती की फरशीवर वाजणारी माझी जोडवीसुद्धा मला नकोशी झाली होती. मी चवड्यांवर चालत ओट्यापाशी गेले आणि झाकणावर तळवा ठेवला. ते गप्प झालं. मग मांडणीतला एक चमचा बोलायला लागला.

आमचं दुकान खाली आणि घर वर. राजारामपुरी संपून उद्यमनगर सुरू होतं, त्या गल्लीत. हे, म्हणजे माझे मिस्टर धैर्यशील, गाड्यांच्या टेपचं काम करतात. टेप बसवून देणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत, यांचं काम त्याच्या पुढचं. डिक्कीत मोठा वुफर बसवला की गाडीचा पत्राही गायला लागतो. नंबरप्लेट फडफडते, दाराचं प्लॅस्टिकचं पॅड करकरतं, बेल्टचं बक्कल खांबाला आपटत राहतं. मग गिऱ्हाईक पावणं येऊन म्हणतात, "टेप झकास हाय, पर गाडीच वाजतीया." हे दाराचं पॅड काढतात, आतल्या पत्र्याला डांबरासारख्या काळ्या जाड पट्ट्या चिकटवतात, वरून रोलर फिरवून त्या घट्ट दाबतात, क्लिपांना फेल्टच्या मऊ कापडाचे तुकडे लावतात. थरथर पट्टीत मुरते आणि मागं फक्त गाणं उरतं. "लोक आवाज बसवून देत्यात, मी काढून देतो," असं हे म्हणायचे.

पण पट्टी कुणीही चिकटवेल. कुठं वाजतंय ते शोधणं हेच खरं काम. गाणं लावून ते सापडत नाही. हे एकच सूर लावतात, अगदी खालून निघून हळूहळू वर चढत जाणारा. दुकानात तो लागला की वर घरात माझी झाकणं-चमचे बोलायला लागतात. चढता चढता एका जागी गाडीतलं काहीतरी त्याला ओ देतं, आणि ती ओ कुठून आली ते कानानं धरायचं असतं. हे डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "डावं दार. मागची क्लिप." पॅड काढलं की नेमकी तीच तुटलेली निघायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी एकदा भाकरी वाढत होते, तर मान वर न करता हे म्हणाले, "उजव्या हातातली एक बांगडी तडकलीया." हातात डझनभर होत्या. एकेक काढून बघितली, तर खरंच एकीला केसाएवढी चीर होती. "लागली असती हाताला," म्हणाले आणि जेवायला लागले.

तो कान गेला.

सगळा नाही गेला. जाड आवाज जागच्या जागी राहिले. ट्रक, ढोल, वुफरची धडधड, गल्लीतल्या बाप्यांचं बोलणं, हे सगळं त्यांना नीट ऐकू येतं. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी डास गेले. "औंदा डास कमी हायत की," असं हे म्हणाले तेव्हा मी माझे फोडांनी भरलेले दंड दाखवून हसले होते. मग मोबाईलचा गजर गेला. मग जिन्याच्या वरच्या पायरीवरून मोना हाक मारायची, "बाबाऽऽ, जेवायला या," आणि खाली यांचं तोंड तसंच गाडीत. मोना पाच वर्षांची आहे. थोड्या दिवसांनी तिनं हाक मारणं सोडलं. ती मुकाट्यानं सगळा जिना उतरायची, यांच्या शर्टाचं टोक ओढायची आणि हे तिच्या तोंडाकडं बघायला लागले की मग सांगायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी जिन्यातून ते बघितलं, आणि त्या दिवशी मला कळलं.

"मळ असंल," असं म्हणत हे दोन महिने दवाखाना टाळत राहिले. शेवटी राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या खोलीत कानांना डबडी लावून यांना बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. आधी यांचा अंगठा भराभर चालला, मग थांबत थांबत, आणि मग कितीतरी वेळ चाललाच नाही. हे नुसते समोर बघत होते. आपल्याला काही विचारलं जातंय हेच त्यांना कळत नव्हतं. मिळालेल्या कागदावर एक रेघ होती. थोडी सरळ जाऊन, गगनबावड्याचा घाट उतरतो तशी एकदम खाली गेलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "मोठ्या आवाजात काम आहे का?"

हे म्हणाले, "पंधरा वर्षं. त्याआधी मिरवणुकीत साऊंडपुढं असायचो."

"गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते जपा. आणि मशीन लावून घ्या, बराच फरक पडेल."

जिना उतरताना यांनी तो कागद चार घड्या करून पाकिटात घातला. "कुणाला सांगू नगंस," म्हणाले. "आणि मशीनचं तर नावच नको. कानात मशीन घातलेल्या माणसाकडं कोण गाडी आणंल, बघा वाजतीया का म्हणून?"

मी हो म्हटलं. तेव्हा मी सहा महिन्यांची पोटुशी होते आणि मला ते खरं वाटलं होतं.

त्यानंतर आम्ही एक रीत बसवली. बाळ झालं, सव्वा महिना उलटला, आणि ते झोपलं की मी खाली यायची. पुढच्या सीटवर बसायची. हे मागं बसून तो सूर लावायचे, अगदी लहान करून. सूर चढायचा, कुठं करकर आली की मी तिथं बोट ठेवायची. हे बघायचे आणि खडूनं खूण करायचे. बोलायचं काहीच नाही. गिऱ्हाईक समोर असलं तर मी चहा घेऊन आल्यासारखी यायची, आणि कप ठेवता ठेवता दाराच्या ज्या जागी बोट टेकवीन ती जागा हे लक्षात ठेवायचे. पावणं म्हणायचे, "काय कान हाय राव तुझा." हे खाली बघून स्क्रू पिळत राहायचे.

मला त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत बरंही वाटायचं, हे लपवत नाही. दिवसभर अंगाला दुधाचा वास, केस विंचरायला सवड नाही, आणि तिथं मी कुणाच्या तरी कामाची होते. पण सूर फार चढला की यांच्या तोंडाकडं बघवत नसे. माझं बोट उठलं की समजायचं, एरवी काही नाही. एखाद्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याच्या हाताला धरून चालावं तसे हे चालत होते.

एकदा मीच म्हटलं, "मला यायला जमलं नाही तर अडून राहू नका. शंका येईल तिथं पट्टी लावून टाका. जास्त लागली म्हणून काय बिघडतंय?"

बिघडलं ते त्यातूनच.

बाबालालचाचा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. गगनबावडा ते कोल्हापूर त्यांची वडापची जीप असते. माणसं भरायची, सोडायची, परत भरायची. त्यांच्या सुनेनं, मुस्काननं, हौसेनं नवीन टेप बसवून दिली होती, आणि त्या टेपनं मागचं उजवं दार करकरायला लागलं होतं. चाचा म्हणाले, "बाया म्हणत्यात, चाचा, गाणं बंद करा न्हायतर दार तरी काढून ठेवा." त्या दिवशी बाळाला ताप होता. मी दवाखान्यात रांगेत बसले होते. यांनी एकट्यानं काम केलं. कुठं वाजतंय ते कळेना, म्हणून सगळ्या दाराला आतून पट्टी मारली, वरपासून खालच्या कडेपर्यंत, बोटाएवढी जागा न सोडता. दुपारी मी आले तेव्हा गाडी गेली होती. "झालं व्यवस्थित?" मी विचारलं. "बंद झालं सगळं," हे म्हणाले. यांच्या कानाला ते आधीही बंदच होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवण्यात माझा दिवस गेला.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. गगनबावड्याला पाऊस कसा असतो ते मी काय सांगू? माझं माहेर चंदगडकडचं. तिकडं आषाढात भिंतीसुद्धा ओल्या असतात. दुपारी चारच्या सुमाराला जीप दुकानासमोर येऊन थांबली. मी बाळाला कडेवर घेऊन मोनाला शाळेतून आणत होते. गल्लीच्या तोंडापासून चाचांचा आवाज ऐकू येत होता.

"धैर्या, माझ्या दारात इहीर खांदलीयास व्हय?"

हे दुकानातून हात पुसत बाहेर आले. "काय झालं चाचा?"

"काय झालं? अरं, वळणावर आलो की माझी गाडी घागर घेऊन चालल्यागत वाजतीया. मागं एक म्हातारी बसलेली, म्हणती, पावणं, दुधाचं कॅन हिंदकळतंय तुमचं. म्हटलं आज्जे, दूध न्हाय, माझ्या मेकॅनिकचं पुण्य हाय ते."

समोरच्या चहाच्या गाड्यावरची दोघं-तिघं हसली. हेही हसले. चाचांनी मागचं दार उघडलं, धरून पुढंमागं हलवलं. आत पाणी डुचमळलं. अर्धी बादली तरी असेल. मला चार हातांवरून स्वच्छ ऐकू आलं.

हे वाकले. कान दाराजवळ नेला. चाचांनी परत हलवलं.

हे म्हणाले, "कुठाय? काय न्हाय की."

चाचांना वाटलं चेष्टा चाललीय. "व्हय व्हय, काय न्हाय. मासं पाळू आता त्यात."

"न्हाय चाचा, खरंच. एखादी क्लिप ढिली झाली असंल. बघतो की."

चाचांनी तिसऱ्यांदा दार हलवलं, जोरात. पाणी इकडून तिकडं जाऊन पत्र्यावर आदळलं. यांचे डोळे चाचांच्या तोंडावर होते, दारावर नव्हते. कधी हसायचं, कधी मान हलवायची, ते शोधत होते. चहाच्या गाड्यावरची माणसं हसायची थांबली. मी दुकानाच्या फाटकाशी उभी होते. मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. जवळ जाऊन दाराच्या खालच्या कडेला बोट टेकवलं असतं तर यांना कळलं असतं. नेहमीसारखं. पण बाळ कडेवर, दप्तर हातात, आणि सगळी माझ्याकडं बघत होती. मी हलले नाही.

मोना माझा हात सोडून पुढं गेली. "बाबा, आत पाणी वाजतंय."

यांनी तिच्या ओठांकडं बघितलं. "काय म्हटलंस?"

"पाणी. आत पाणी वाजतंय."

तिनं सरळ यांचा हात धरला आणि दाराच्या तळाशी टेकवला. चाचांकडं बघून म्हणाली, "आता हलवा."

चाचांनी दार हलवलं, या वेळेला हळू. आतलं पाणी सरकलं. ते वजन यांच्या तळव्याला लागलं असणार, कारण यांनी हात काढला नाही. तसाच ठेवला, आणि चेहऱ्यावरचं उसनं हसू हळूहळू ओसरलं.

यांनी अवजारं आणली. पॅडचे स्क्रू काढले, पॅड बाजूला ठेवलं. आत खालच्या कडेपर्यंत काळी पट्टी होती, अगदी नीट, रोलरनं दाबलेली, कुठं एक बुडबुडा नाही. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. ती पट्टीखाली गेली होती. पंधरा वर्षांत यांनी एकदाही ती भोकं बुजवली नव्हती. नव्या पोरांना ओरडायचे त्याच्यावरून. यांनी पात्यानं पट्टीची कड कापली. पाणी भसकन आलं, गंजानं लाल झालेलं, यांच्या पायावरून, चपलांवरून गटाराकडं गेलं. हे पाय न हलवता तसेच उकिडवे बसून राहिले.

चाचा त्यांच्या मागं उभे होते. म्हणाले, "कधीपासनं?"

हे वळले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही की उत्तर द्यायचं नव्हतं, मला कळलं नाही. चाचांनाही कळलं नसावं. ते गुडघे धरत कसेबसे खाली बसले, यांच्या समोर, त्या लाल पाण्यात टाच ठेवून, आणि यांच्या डोळ्यांत बघून परत विचारलं, "कधीपासनं रं?"

"वरीस झालं," हे म्हणाले. आवाज थोडा मोठाच निघाला. चहाच्या गाड्यापर्यंत गेला असेल. "बारीक आवाज येत न्हाय चाचा. डॉक्टर म्हणला, येणार पण न्हाय. वनिताच ऐकत होती इतके दिवस. त्या दिवशी ती नव्हती."

माझं नाव यांनी चारचौघांत घेतलं ते बहुतेक पहिल्यांदाच. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बाळाचं टोपरं नीट करत बसले.

"मग सांगायचं की मला," चाचा म्हणाले. "मी काय गिऱ्हाईक हाय व्हय तुझा?"

"गिऱ्हाईकच हायसा की."

"ते हाय म्हणा." चाचा थोडं हसले. मग दाराच्या आत बघत राहिले. गंजाची एक रेघ तळाशी धरली होती. "पत्रा चांगला हाय अजून. घासून रंग मारला की झालं."

"मी करून देतो सगळं. दार नवीन लागलं तर नवीन बसवतो."

"दाराचं सोड. मशीन मिळतंय म्हणं कानाचं."

"मिळतंय."

"मग?"

हे कापलेल्या पट्टीचा तुकडा बोटांत गुंडाळत राहिले.

चाचांनी कपाळावरची टोपी मागं सारली. "माझ्या चष्म्याचा नंबर बघ. सहा. त्यो घालून मी घाट उतरतो. रोज धा माणसं मागं बसत्यात, एकानं न्हाय म्हटलं, चाचा, तू चष्मा घालतोस, मी न्हाय बसत. काढला तर न्हाय बसणार." ते उठले, खांबाला धरून. "लाव तुझा त्यो सूर. मी बसतो आत. वाजलं की सांगतो."

आणि ते खरंच मागच्या सीटवर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून, मशिदीत बसावं तसे गप्प. यांनी सूर लावला. तो खालून वर चढत गेला. चाचांनी एकदा हात वर केला, मग म्हणाले, "न्हाय, तो माझा गुडघा वाजला." चहाच्या गाड्यावरचा बाळासो आपण होऊन आला आणि दुसऱ्या बाजूच्या दाराला कान लावून उभा राहिला. यांनी खालची पट्टी सगळी खरवडून काढली, भोकं तारेनं मोकळी केली, आतून कापडानं पुसलं. करकर वरच्या कडेच्या एका क्लिपेतून येत होती. नखाएवढा फेल्टचा तुकडा लावल्यावर ती थांबली. एवढंच काम होतं ते आधीही.

जीप गेली तेव्हा चाचांनी काचेतून हात बाहेर काढला. बाळासो कप गोळा करायला गेला. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या उद्यमनगरात होईल हे मला माहीत होतं आणि यांनाही. हे दुकानाच्या पायरीवर बसून पायावरचा गंज धूत होते. पाकिटातून तो चार घड्यांचा कागद काढून त्यांनी शेजारी ठेवला होता, ओल्या हाताचे ठसे उमटलेला. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "उद्या फोन कर डॉक्टरला. सकाळचं बघ, दुकान उघडायच्या आधी."

"करते," मी म्हटलं. मग आठवून, त्यांच्या समोर येऊन, परत म्हटलं, "करते."

मोना त्या कागदावर ओणवी झाली होती. रेघेवर बोट ठेवून ती घाट उतरावा तशी खाली आली. "आई, हे काय हाय?"

"बाबांना कोणते आवाज ऐकू येतात, ते."

"हितं वर?"

"हे येतात. ढोल, गाडी, असे जाडे आवाज."

"आणि हितं खाली?"

"हे येत नाहीत. डास, पाणी, घुंगरू. बारीक असतात ते."

बाळ माझ्या खांद्यावर चुळबुळलं आणि रडायला लागलं. हे चार पावलांवर होते. पाय धूत राहिले, वळले नाहीत. मोनानं बाळाकडं बघितलं, यांच्या पाठीकडं बघितलं. मग परत कागदाकडं. मी तिच्याकडं बघत होते, आणि काय येणार ते मला आधीच कळलं होतं, तरी मी तयार नव्हते.

ती उठली आणि अगदी माझ्या कानाशी येऊन, यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, हळू म्हणाली, "आई, मग माझा आवाज बाबांना कसा ऐकू येतो?"